सिंगापूरच्या बिऱ्हाडासाठी कोल्हापुरी चटणी: पाकीट, बचत गटाची की कांडपावरची?

नोकरीनिमित्त सिंगापूरला निघालेल्या नवरा-बायकोच्या बॅगेत कोल्हापूरच्या घरातून चटणी, म्हणजे भाजी-रश्श्यात घालायचा कांदा-लसूण मसाला, जाणारच, यावर वाद नाही. वाद असतो तो कुठली आणि किती यावर. आई म्हणते वर्षाची घेऊन जा, सासूबाई म्हणतात तिकडं सगळं मिळतं, आणि शेवटी निघायच्या आदल्या रात्री महाद्वार रोडवरून चार पाकिटं आणून कपड्यांच्या घड्यांत कोंबली जातात. इथं तीन पर्याय तपासायला घेतलेत: दुकानातलं तयार पाकीट, बचत गटाची घरगुती चटणी आणि स्वतः माल देऊन कांडपावर, म्हणजे यंत्राच्या मुसळाखाली कुटून, करून घेतलेली. कोल्हापुरात तिन्ही चांगल्याच लागतात. पण सिंगापूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या महिन्यात त्यांचं काय होतं हे बघितलं, तर निकाल बदलतो.

आधी अडचण सांगायची तर ती खसखशीची. आपल्याकडं किलोभर मिरचीच्या चटणीत पन्नास ते शंभर ग्रॅम खसखस सहज पडते, दाटपणा तिच्यामुळंच येतो. पण ती अफूच्या बोंडातलं बी, आणि तिला मॉर्फिनचा अंश चिकटलेला असू शकतो म्हणून सिंगापुरात तिच्यावर सेंट्रल नार्कोटिक्स ब्युरोचं, म्हणजे अमली पदार्थविरोधी खात्याचं, नियंत्रण आहे. ‘घरी खायला आणलीय’ हे उत्तर तिथं चालत नाही. त्यामुळं खसखस सुटी न्यायची नाही आणि चटणीतही घालायची नाही. पांढऱ्या रश्श्याची तयार पूड कुणी भेट दिली असेल तर तिच्यावरचे घटक आधी वाचा, तिच्यात हमखास असते. मटणाचं लोणचं, सुकं मटण यांचाही विचार सोडा. भारतातून मांसाचे पदार्थ तिथं नेता येत नाहीत. आणि घरातल्या थोरल्यांपैकी कुणी चार महिने राहायला जाणार असेल, तर मिश्रीची डबी घरीच ठेवायला सांगा. तोंडात ठेवायच्या तंबाखूवर तिथं बंदी आहे.

या एका कसोटीवरच तयार पाकीट पुढं येतं. त्यावर घटक छापलेले असतात, वजन असतं, तारीख असते, आणि विमानतळावर बॅग उघडली तर दाखवायला सोपं जातं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, ती वाचायची सवय लावा. मिरचीच्या मागोमाग मीठ आलं असेल तर ते पाकीट ठेवून द्या. तुम्ही मिठाचे पैसे देताय आणि भाजीत वरून मीठ घालताना अंदाज चुकणार आहे. कांदा-लसूण नाव असून यादीत लसूण शेवटच्या चारात असेल तर तेही नको. ‘पॉपी सीड्स’ दिसलं तर विषयच संपला. पाकिटाची चव ठीक म्हणावी इतपतच: रंग भडक, पहिला घास झणझणीत, पण मागं मुरलेला लसूण जिभेवर राहत नाही. गेल्या गेल्या पहिले तीन-चार आठवडे, घर लागेपर्यंत, दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं पुरे. त्यापेक्षा जास्त नेण्यात अर्थ नाही.

बचत गटाची चटणी चवीला या तिघांत पहिली. तरीही सिंगापूरसाठी तिला तिसरा नंबर, याची कारणं चवीची नाहीतच. बहुतेक चटण्या मार्च ते मे या उन्हाळी कामांत होतात. तुम्ही सप्टेंबरात घेतली तर ती चार-सहा महिन्यांची असते आणि तिच्यातलं खोबरं खवट व्हायच्या वाटेला लागलेलं असतं. साध्या पिशवीला मेणबत्तीनं तोंड बंद केलेलं असतं, ते मुंबईपर्यंतच्या लक्झरीच्या डिकीत उकाड्यानं सैल पडतं आणि तेल बाहेर येतं. पिशवीवर बऱ्याचदा घटक नसतात. खसखस घातलीय का असं विचारलं तर ताई अभिमानानं ‘हो, भरपूर’ म्हणतात. घ्यायचीच असेल तर कधी कांडली हे विचारा, चिमूट तळहातावर चोळून वास घ्या. खोबऱ्याचा वास लसणाच्या आधी आला तर चटणी उतरणीला लागलीय.

राहिली कांडपावरची. इथं माल तुमचा, त्यामुळं काय घालायचं, काय नाही हे तुमच्या हातात. पण नेहमीसारखी पूर्ण, ओली चटणी करून नेऊ नका. सिंगापूरची हवा बारा महिने दमट आणि उबदार. कोल्हापुरात चिनी मातीच्या बरणीत वर खडा हिंग ठेवून वर्ष काढणारी चटणी तिथं ओट्यावर दोन महिन्यांत गुठळ्या धरते, कडेला पांढरी बुरशी येते. गुन्हेगार तीन: लसणातलं पाणी, कच्चट राहिलेला कांदा आणि खोबऱ्यातलं तेल. हे तीन जिन्नस बाजूला ठेवले तर उरलेली चटणी वर्षभर काही मागत नाही. म्हणून कांडपावरून फक्त कोरडा पाया करून न्यायचा आणि बाकीचं दर महिन्याला तिथं घालायचं. तिन्ही पर्यायांत आमची पसंती याला.

एक किलो मिरचीचं प्रमाण असं. ब्याडगी सहाशे ग्रॅम, संकेश्वरी तीनशे, लवंगी शंभर. कोल्हापुरात लवंगी याच्या दुप्पट घालतात. फ्लॅटच्या बंद स्वयंपाकघरात तो ठसका झेपत नाही, म्हणून निम्मी. मिरची लक्ष्मीपुरीत घ्या आणि मोडून बघा. कट् असा आवाज आला पाहिजे, नुसती वाकली तर तिच्यात ओल आहे आणि वजनात तुम्ही पाण्याचे पैसे देताय. अस्सल संकेश्वरीला भाव जास्त, त्यामुळं त्या नावाखाली दुसरी लांब मिरची खपवली जाते; खात्रीचा व्यापारी नसेल तर सरळ ब्याडगी वाढवा. दोन दिवस कडक ऊन दाखवून देठं काढायची. धने अडीचशे, जिरे पाऊणशे, हळकुंड तीस, लवंग-मिरी-दालचिनी प्रत्येकी वीस, दगडफूल पंधरा, चक्रीफूल, मसाला वेलची, तमालपत्र, शहाजिरे आणि मेथी प्रत्येकी दहा, नागकेशर नि जायपत्री पाच-पाच, खडा हिंग दहा ग्रॅम. हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, फार तर दोन-तीन चमचे तेलात भाजायचं. एकत्र भाजलं की जिरे करपतात आणि हळकुंड कच्चं राहतं. खडे मीठ शंभर ग्रॅम, तेही भाजून, नाहीतर तेच पाणी ओढतं.

कांडपाच्या दुकानात ओळीनं लोखंडी मुसळं वरखाली होत असतात, प्रत्येकाखाली उखळ. समोर बसलेली बाई कडेला चढलेला माल सारखा मध्ये ढकलते, मग चाळणीवर घेते. बारीक खाली पडतं, चोथा परत उखळात. चक्कीवर हेच काम लवकर होतं, पण दोन दगडांमध्ये माल तापतो, ब्याडगीचा लाल विटकरी होतो आणि लवंग-दालचिनीचा वास दुकानातच राहतो. कांडपावर वेळ जातो, मात्र रंग टिकतो. एक काळजी महत्त्वाची. तुमच्या आधी ज्यांची चटणी झाली त्यांची खसखस उखळीच्या तळाला असते. म्हणून सकाळचा पहिला नंबर लावा, किंवा आधी दोन मुठी मीठ कांडून उखळ पुसून घ्यायला सांगा. ‘खसखस न्हाई, खोबरं न्हाई, लसूण न्हाई, मग ही कसली चटणी वो?’ असं ऐकून घ्यावं लागेल. घ्या ऐकून.

देठं आणि चाळणीतली घट जाऊन एका किलोमागं साधारण दीड किलो पाया हातात येतो. तो पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, दोनशे ग्रॅमच्या पिशव्यांत हवा काढून सीलबंद करा. गरम भरला तर आत घाम येतो आणि सगळी मेहनत वाया. प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत घटक आणि तारीख लिहा. लाल भुकटीच्या बिननावाच्या सात पिशव्या कुणाही तपासनिसाला संशयास्पदच वाटतील. सगळ्या एका स्टीलच्या डब्यात, डबा मोठ्या बॅगेत. हातबॅगेत तिखट चालत नाही असं धरूनच चला. खोबऱ्याच्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेतही नकोत: तेलकट असल्यानं सुकं खोबरं ज्वलनशील मालात धरतात आणि आपल्याच विमानतळावर ते बाहेर काढायला लावतात. तसंही त्याची गरज नाही. सिंगापुरात बिनसाखरेचा डेसिकेटेड कोकोनट कुठल्याही मोठ्या दुकानात आहे, आणि ओल्या नारळाचा ताजा कीस बाजारात समोर किसून देतात.

आता तिथलं काम. लिटल इंडियात सेरंगून रोडला लागून टेक्का सेंटर आहे; खाली भाजी, मासे, मटणाचे गाळे. थोडं पुढं सय्यद अल्वी रोडवर मुस्तफा सेंटर, तिथं धने-जिऱ्यापासून प्रेशर कुकरच्या रिंगपर्यंत सगळं. पायाची एक पिशवी, म्हणजे दोनशे ग्रॅम, फोडली की तिला लागतं: लसूण तीस ग्रॅम, तळलेला कांदा वीस, डेसिकेटेड खोबरं तीस, पांढरे तीळ वीस आणि मीठ दहा ग्रॅम. तीळ दाटपणा देतात, खसखशीची जागा बऱ्यापैकी भरून काढतात. कांदा तळत बसू नका. मलाय स्वयंपाकात तळलेला कांदा रोजचा, त्यामुळं बरणीत तयार मिळतो आणि तो घरी तळलेल्यापेक्षा कुरकुरीत, म्हणजेच कोरडा असतो. लसूण बहुतेक चीनचा. पाकळ्या मोठ्या, सोलायला सोप्या, पण पाणी जास्त आणि उग्रपणा कमी. म्हणून काप करून कोऱ्या तव्यावर दोन-तीन मिनिटं फिरवायचे, नुसती ओल उडेपर्यंत. लाल झाले तर कडू लागतात.

खोबरं बदामी, तीळ तडतडेपर्यंत भाजून पूर्ण गार करायचे. मिक्सरमध्ये आधी खोबरं, तीळ आणि कांदा, मग लसूण, शेवटी पाया आणि मीठ. बटण दोन-तीन सेकंद दाबायचं आणि सोडायचं, असं सात-आठ वेळा. सलग फिरवलं की पातं तापतं, खोबरं तेल सोडतं आणि चटणीचा लाडू होऊन भांड्याच्या तळाला चिकटतो. मग चमच्यानं खरवडत बसा. इथला मिक्सर तिथं चालतो, वीज दोन्हीकडं २३० व्होल्टचीच. फक्त तिथले सॉकेट चौकोनी तीन पिनांचे, तेव्हा दर्जेदार अ‍ॅडॉप्टर न्या. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये आपली जाड गोल पिन सैल बसते, आणि साडेसातशे वॅटचा मिक्सर सुरू झाला की तिथं ठिणग्या उडतात.

तयार होते सुमारे तीनशे ग्रॅम. दोघांच्या घरात रोज तीन चमचे धरले तर एका पिशवीला महिना जातो, आणि किलोभर मिरचीचा पाया सात महिने पुरतो. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन दिवस मुरू द्यायची. वापरताना बरणी बाहेर ठेवून स्वयंपाक करू नका. थंड बरणीचं झाकण दमट हवेत उघडं राहिलं की आत दव धरतं. आठवड्याची वेगळ्या छोट्या डबीत काढून घ्या. उरलेल्या पायाच्या पिशव्या फ्रीझरमध्ये, आणि त्या फोडण्याआधी बंदच्या बंद तासभर बाहेर.

चव? रंग कांडपाचाच, त्यात उणंदुणं नाही. लसूण जास्त मोकळा लागतो, ताजा असल्यामुळं. मुरलेपणात मात्र ती वर्षाच्या बरणीला हरते, विशेषतः नुसत्या भाकरीबरोबर तेल घालून खाल्ली तर. रश्श्यात आणि पिठल्यात फरक कळत नाही.

फोडणीबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण चटणी बिघडण्यापेक्षा शेजार बिघडण्याची शक्यता तिथं मोठी. घर भाड्यानं घेताना जाहिरातीत ‘लाइट कुकिंग’, म्हणजे हलकाच स्वयंपाक, असं लिहिलेलं दिसलं, तर तांबडा रस्सा त्यात बसतो का हे सही करण्याआधी घरमालकाला विचारा. खोली भाड्यानं असेल तर दोनदा विचारा. सरकारी एचडीबी इमारतींत कपडे वाळत घालायची जागा स्वयंपाकघराला लागूनच असते, तेव्हा तुमच्या फोडणीचा वास आधी तुमच्याच ऑफिसच्या शर्टाला लागतो आणि मग वरच्या मजल्यावर जातो. १ जून २०१८ नंतरच्या नव्या घरांत धुराचा अलार्म सक्तीचा आहे; तो मटण आणि आग यांत भेद करत नाही. आणि करीच्या वासावरून तिथं एकदा देशभर चर्चा झालीय. चीनहून आलेल्या एका कुटुंबानं भारतीय शेजाऱ्यांच्या करीच्या वासाची तक्रार केली, मध्यस्थीत तक्रारदार कुटुंब घरी नसतानाच करी करायची असं ठरलं. २०११ मध्ये ही हकिकत छापून आल्यावर हजारो सिंगापूरकरांनी त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुद्दाम करी रांधून वाटली. लोक आपल्या बाजूचे आहेत, हे खरं. पण रोज सकाळी सात वाजता ठसका द्यावा असा त्याचा अर्थ नव्हे.

धूर टाळायची रीत सोपी आहे. गरम तेलात कोरडी चटणी टाकायची नाही. दोन चमचे चटणी चार चमचे कोमट पाण्यात कालवून ठेवा, कांदा-टोमॅटो परतून झाला की आच अगदी मंद करून ती ओता आणि तेल सुटेपर्यंत झाकण ठेवा. ब्याडगीचा रंग तेलात उतरतो, त्याला वेळ लागतो, जाळ लागत नाही. कट हवा असेल तर तीन चमचे तेल कोमट करून गॅस बंद करा, त्यात दीड चमचा चटणी, दहा मिनिटं तशीच. वर येतो तो लाल तवंग मिसळीवर शेवटी घालायचा. इंडक्शन किंवा सिरॅमिक शेगडी असेल तर लक्ष जास्त ठेवा: सिरॅमिकची आच बंद केल्यावरही काच तापलेली राहते आणि खालची चटणी काळी पडते, म्हणून भांडं उचलून बाजूला घ्या. इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा जुना कुकर तापतच नाही. चुंबक चिकटेल त्या बुडाचाच न्या.

मिसळीचं बाकी सगळं जमतं. मटकीला तिथल्या उबेत एका रात्रीत मोड येतात. आपल्या सवयीनं दीड दिवस फडक्यात ठेवली तर आंबूस वास येतो. ब्रेडचा प्रश्नच नाही, कोल्हापूर मिसळ स्लाइस ब्रेडबरोबरच खातं. तिथला पांढरा ब्रेड किंचित गोडसर असतो, त्यासाठी कटात मीठ जरा वाढवा. फरसाण मात्र फोडल्या दिवशीच संपवा. पांढऱ्या रश्श्यात खसखशीऐवजी मगजबी आणि काजू समप्रमाणात, भिजवून बारीक वाटून. नारळाचं दूध टेक्काला मिळणाऱ्या ताज्या किसाचं घरी काढलं तर रस्सा आपल्याकडच्यापेक्षाही सरस होतो, हे कबूल करायला हवं. मटण घेताना कोवळं आणि हाडासकट मागा. ऑस्ट्रेलियाच्या मेंढीच्या मटणाला चरबी जास्त, ती काढून टाकली नाही तर तांबड्या रश्श्यावर चटणीचा तवंग न येता पांढरट थर धरतो.

पिशव्या संपल्या आणि गावाकडून कुणी येणारं नसेल, तर भारतीय दुकानांतल्या ‘कोल्हापुरी’ नावाच्या पाकिटांच्या नादी लागू नका. बाहेर या शब्दाचा अर्थ नुसता तिखट असा धरतात, आणि आत गरम मसाल्याची पूड नि लाल रंग असतो. त्यापेक्षा काश्मिरी मिरचीची पूड दीडशे ग्रॅम, भाजलेल्या धने-जिऱ्याची पूड चाळीस आणि गरम मसाला दहा ग्रॅम हा पाया धरून वरच्याच रीतीनं बाकीचं घाला. तिथला संबल, म्हणजे मिरचीचं ओलं वाटण, जवळचा वाटेल, पण त्यात बऱ्याचदा कोळंबी आंबवून केलेलं बेलाचान असतं. शाकाहारी घरानं बरणीवरचे घटक वाचूनच उचलावा.